मुदत संपलेली शाई

“तारीख मागं घ्या,” वैजयंता म्हणाली.

“कसली तारीख?”

“कॉम्प्युटरची. खाली कोपऱ्यात घड्याळ दिसतंय ना, त्यावर दोनदा दाबा.”

मी प्रिंटरपुढं उकिडवा बसलो होतो. प्रिंटरचा लाल दिवा लुकलुकत होता आणि स्क्रीनवर इंग्रजीत एक चौकट आली होती. आत घातलेल्या कार्ट्रिजची मुदत संपली आहे, दुसरं घाला, असं तिचं म्हणणं होतं.

“मुदत संपलीय म्हणतंय गं. शाई वाळली असणार आतल्या आत. मी चौकातून छापून आणतो की. पाच मिनिटांचं काम.”

“शाई काय दूध आहे नासायला?”

हे तिचं जुनं वाक्य. सोलापुरातलं एक दुकान बंद होत होतं तेव्हा तिनं तिथून कार्ट्रिजचा अख्खा खोका उचलून आणला होता. मी घरी आल्यावर एक पाकीट उलटं करून बघितलं, तर मुदत संपायला दोन महिने उरले होते. मी म्हणालो, बघून तरी घ्यायचं. तेव्हाही ती हेच म्हणाली होती.

आमचं घर बार्शीत. मी एस्टीच्या डेपोत मेकॅनिक होतो. पुढच्या खोलीत वैजयंताचं टायपिंगचं दुकान होतं. सुरुवातीला दोन मशिनं होती, मग कॉम्प्युटर आला, मग प्रिंटर. क्लासच्या प्रश्नपत्रिका, लग्नाचे बायोडाटा, अर्ज, बाँडवरचा मजकूर, असं सगळं ती करायची. आणि लग्नपत्रिका. पत्रिका छापायला छापखान्यात जायच्या, पण मजकूर जुळवून द्यायचं काम तिचं. छापखान्यात देण्याआधी ती घरच्या प्रिंटरवर एक प्रत काढायची, तपासायला. तपासून झाली की ती प्रत लोक घेऊन जायचे आणि भगवंताच्या देवळात नेऊन ठेवायचे. पहिली पत्रिका देवाला द्यायचीच असते, ती हिच्या हातची द्यायची, अशी आमच्या भागात पद्धतच पडून गेली होती. कोण म्हणायचं, वैजूताईंची पहिली प्रत दिली की लग्नात विघ्न येत नाही. ती म्हणायची, विघ्न येत नाही कारण मी मुहूर्ताची वेळ चुकवत नाही.

आता आमच्या तृप्तीचं लग्न ठरलं होतं. पत्रिका लातूरला मुलाकडचे छापून घेणार होते, दोन्हीकडच्या एकत्रच. त्यांनी तसं आपणहून सांगितलं, कारण वैजयंताची तब्येत त्यांनी बघितली होती. दुकान बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. प्रिंटरवर टॉवेल घातलेला होता, तो तिनं त्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर स्वतः काढला.

“भगवंताची पत्रिका मी काढणार,” म्हणाली. “गावाच्या काढल्या. घरची काय लातूरहून आणायची?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पुन्हा दवाखान्यात दाखल करायचं होतं. किती दिवस ठेवतील ते कुणी सांगत नव्हतं. मला डॉक्टरांनी बाजूला घेऊन एवढंच सांगितलं होतं की घरात काही कार्य असेल तर लांबवू नका. म्हणून तर आम्ही तुळशीचं लग्न झाल्या झाल्या नोव्हेंबरातला मुहूर्त धरला होता. त्यामुळे पत्रिका काढायची तर त्याच दुपारी. हे मलाही कळत होतं, तिलाही.

आजार छातीचा. मला तिनं पहिल्यांदा सांगितलं ते साडेतीन वर्षांपूर्वी, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. मी डेपोतून येऊन मोरीत हाताचं ग्रीस काढत होतो. ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, जरा बसा.” मी म्हणालो, हात ओले आहेत. “असू देत. बसा.” मी पाटावर बसलो, तेव्हा तिनं गाठीचं सांगितलं. कधीपासून आहे विचारलं तर “आत्ताच लागली हाताला” म्हणाली. मग ऑपरेशन झालं, औषधं झाली, एक वर्ष चांगलं गेलं, आणि मग ते हाडात उतरलं.

तर त्या दुपारी ती खुर्चीत पाठीशी उशी घेऊन बसली होती. डोक्याला रुमाल. तिची धाकटी बहीण इंदू कुर्डूवाडीहून आली होती, ती उंबऱ्यात मेथी निवडत होती. तृप्ती मैत्रिणीबरोबर ब्लाऊज शिवायला टाकायला गेली होती.

“आधी ही डबी काढा बाहेर,” वैजयंता म्हणाली. “ह्या प्रिंटरनं तिची तारीख बघितली. एकदा बघितली की ती वाया गेली, मग काही केलं तरी घेत नाही. कपाटातनं नवीन पाकीट काढा, पण अजून फोडू नका. पहिल्यांदा तारीख मागं, मग पाकीट.”

“म्हणजे त्याला फसवायचं.”

“फसवायचं कशाला? आपली शाई चांगली आहे. त्यालाच नुसती तारीख कळते.”

“आणि तारीख मागं घेतली की त्याला पटतं?”

“कॉम्प्युटर जे सांगेल ते खरं मानतंय ते. तुमच्यापेक्षा बरं आहे. तुम्ही मी सांगितलेलं कधी मानलं?”

इंदू हसली. “दाजी, खाल्लंत का? घ्या अजून.”

मी घड्याळावर दोनदा दाबलं. कॅलेंडर उघडलं.

“कुठली घालू?”

वैजयंता कॅलेंडरकडंच बघत राहिली. मला वाटलं तिला कळ आली. तिला मधूनच कळ यायची, तेव्हा ती असं गप्प बसून एकाच ठिकाणी बघायची.

“पाकिटावर दोन हजार बारा आहे,” मी म्हणालो. “बाराचा जानेवारी घालतो. चालेल ना?”

“नको. अकरा घाला. नऊ फेब्रुवारी.”

“एवढं मागं कशाला?”

“घाला हो.”

मी घातली. इंदूचे हात मेथीत थांबले होते. ती ताट तसंच खाली ठेवून उठली.

“काय झालं गं?” मी विचारलं.

“दूध ठेवलंय गॅसवर,” असं म्हणून ती आत गेली. थोड्या वेळानं मी गरम पाणी आणायला आत गेलो तेव्हा गॅस बंद होता, ओट्यावर दुधाचं भांडं नव्हतं, आणि इंदू खिडकीकडं तोंड करून उभी होती. माझ्या ते तेव्हा डोक्यात शिरलं नाही. बायकांचं काहीतरी असतं, तसं वाटलं.

पाकीट फोडलं, काळ्या शाईची डबी आत घातली. लाल दिवा विझला आणि हिरवा लागला. मला खरंच नवल वाटलं. मी म्हणालो, “आमच्या डेपोतल्या गाड्यांना पण असं करता आलं पाहिजे. पासिंगची तारीख गेली की घ्यायची मागं.”

“तुमच्या गाड्या तारखेआधीच बंद पडतात.”

पण छापायला गेलं तर कागद कोरा बाहेर आला. दुसरा आला, त्यावर एका कडेला केसासारखी एक रेघ. शाई होती, पण खालची भोकं बुजली होती. हे माझ्या ओळखीतलं होतं. डिझेलच्या इंजिनात नोझल चोक होतो तसंच.

“थांब, मी सायकलचा पंप आणतो. एक फुंकर मारली की—”

“हात लावू नका! ती एस्टी नाही.” ती एवढ्या जोरात बोलली की तिला खोकला आला. मी पाठीवरून हात फिरवला. खोकला थांबल्यावर हसायला लागली. “पंप म्हणे. अहो, केसापेक्षा बारीक भोकं आहेत ती. गरम पाण्यात सुती कपडा पिळून घ्या, त्याची घडी घाला, आणि डबी त्यावर नुसती ठेवा. तोंड खाली करून. चोळायचं नाही, दाबायचं नाही. आपोआप सुटते.”

मी तिच्या जुन्या सुती साडीचा तुकडा घेतला. डबी त्यावर ठेवली आणि आम्ही दोघं बघत बसलो. जरा वेळानं ओल्या कपड्यात काळं पसरायला लागलं.

“आली,” ती म्हणाली. एवढंच.

तिनं डबी स्वतः उचलली, तोंड टिपून घेतलं. शाई बोटांना लागली. औषधांनी तिची नखं आधीच काळी पडली होती. आता नख कुठलं आणि शाई कुठली हे कळत नव्हतं. तिनं दोन्ही हात पुढं धरून बघितले आणि इंदूला हाक मारली. “इंदे, बघ गं, दुकान उघडल्यासारखे दिसतात की नाही हात?” इंदू बाहेर आली. म्हणाली, “दिसतात अक्का.” डोळे पुसल्यासारखे वाटत होते तिचे.

रंगाच्या डबीचं मात्र जमलं नाही. तिच्यात तीन रंग असतात. कपड्यावर पिवळा उतरला, निळा उतरला. लाल काही उतरेना. पाणी बदललं, कपडा बदलला, पुन्हा ठेवली. नाहीच. एक प्रत तशीच काढून बघितली, तर वरचा गणपती हिरवट-निळा आला.

“देवाला असा आजारी गणपती द्यायचा?” ती म्हणाली.

“मी म्हणतोय मघापासून, चौकातून—”

“तुम्ही चौकाचं नाव काढू नका आता. सगळं काळ्यात काढू. नुसती गणपतीची कड काढू, आत मोकळा ठेवू.”

तिनं कीबोर्ड मांडीवर घेतला. मजकूर तिनं टाइप करायला घेतला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण तिचा हात पूर्वी असा चालायचा की बोटं दिसायची नाहीत, आणि आता ती एकेक अक्षर शोधत होती. मध्ये थांबायची, बोटं चोळायची, पुन्हा सुरू. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात म्हणायची. इंदूनं चहा केला. तो तिनं अर्धा घेतला, अर्धा निवला. उन्हं दारातून सरकून भिंतीवर गेली, तेव्हा कुठं मजकूर पुरा झाला.

“वाचा,” म्हणाली.

ही आमची जुनी रीत. तिनं टाइप करायचं, मी मोठ्यानं वाचायचं, आणि तिनं डोळे मिटून ऐकायचं. नुसते शब्द नाहीत, टिंबंसुद्धा वाचायची. तिचं म्हणणं, डोळा चूक झाकतो, कान झाकत नाही. रात्रीचं जेवण झालं की गावातल्या कितीतरी लग्नांचे मजकूर मी असे वाचले. कुणाचा मामा कोण, कुणाची आत्या कोण, मला तोंडपाठ असायचं. लग्नात जेवायला गेलो की मी पाव्हण्यांना नावांनी ओळखायचो.

मी वाचायला लागलो. “श्री भगवंत प्रसन्न. आमचे येथे श्रीकृपेकरून चि टिंब सौ टिंब कां टिंब तृप्ती, स्वल्पविराम, सौ टिंब वैजयंता व श्री टिंब दत्तात्रय बारंगुळे यांची कन्या—”

“ते परत वाचा.”

“काय चुकलं?”

“चुकलं नाही. परत वाचा.”

मी परत वाचलं. “सौ टिंब वैजयंता व श्री टिंब दत्तात्रय बारंगुळे यांची कन्या.”

“हं. पुढं.”

पुढं मुलाचं नाव, गाव, मग मुहूर्त. “रविवार, स्वल्पविराम, दिनांक तीस नोव्हेंबर दोन हजार अकरा—”

मी थांबलो. तिनं डोळे उघडले.

“अकरा?”

“अकराच आहे इथं.” मला हसू आलं. “अगं, बारावी झाल्या झाल्याच लग्न लावतेस काय पोरीचं? कॉलेज तरी पुरं होऊ दे!”

इतकी वर्षं तिनं हे काम केलं, साल कधी चुकलं नव्हतं. मला वाटलं ती वैतागेल. ती वैतागली नाही. खाली कोपऱ्यातल्या तारखेकडं तिनं बघितलं आणि म्हणाली, “समोर दिसतंय तेच हातातनं उतरलं. चौदा करा.” इंदू अजिबात हसली नाही. मेथीच्या काड्या गोळा करत राहिली, त्या कधीच्या गोळा झाल्या होत्या.

मी चौदा केलं. तिनं जाड कागद घातला, स्वतःच बटण दाबलं. प्रिंटर कुरकुरला, थांबला, पुन्हा कुरकुरला. मग पत्रिका हळूहळू बाहेर यायला लागली. एकेक ओळ. काळी, स्वच्छ. एक अक्षर तुटलं नव्हतं. ती पुढं वाकून दोन्ही हात खाली धरून बसली होती, बाळ घेतात तशी.

“कुंकू आण गं इंदे. आणि तेल. काडीला थोडा कापूस गुंडाळून आण.”

तिनं तेलात कुंकू कालवलं आणि गणपतीच्या मोकळ्या जागेत भरलं. एका ठिकाणी कुंकू कडेच्या बाहेर गेलं. ते तिनं नखानं टिपलं. मग चारी कोपऱ्यांना हळद-कुंकवाची बोटं लावली, ती तर पद्धतच आहे. झाल्यावर लांब धरून बघितली.

“कार्ट्रिजपेक्षा बरा लाल आलाय,” म्हणाली.

मी कॉम्प्युटर बंद करायला गेलो. घड्याळावर दोनदा दाबलं, तारीख नीट करायला.

“राहू द्या ती.”

“अगं, आजची करतो ना.”

“रुखवताच्या चिठ्ठ्या काढायच्या आहेत अजून. परत मागं घ्यायला लागेल. राहू द्या तशीच.”

रुखवताच्या चिठ्ठ्या काही काढल्या नाहीत. संध्याकाळी रिक्षा करून आम्ही भगवंताच्या देवळात गेलो. पायऱ्या तिला चढवेनात. मी म्हणालो, मी ठेवून येतो. “मी येणार,” म्हणाली. मी आणि इंदूनं दोन्हीकडून धरलं. पत्रिका तिनं स्वतः ठेवली. हात जोडून बराच वेळ उभी होती. काय मागितलं ते मी विचारलं नाही. परत रिक्षात बसल्यावर म्हणाली, “विजेचं बटण बंद केलंत ना प्रिंटरचं?”

लग्न तिनं बघितलं. दवाखान्यातून दोन दिवसांसाठी सोडलं होतं. कार्यालयात खुर्चीत बसून तिनं अक्षता टाकल्या, तृप्तीच्या सासूशी हसून बोलली, आणि पाव्हण्यांतल्या कुणीतरी पत्रिका फार छान छापली म्हटलं तर “ती लातूरची” असं तोंड वाकडं करून म्हणाली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. सकाळी. मी शेजारी होतो.

तेरावं झालं. पाव्हणे गेले. तृप्ती आणि जावई लातूरला गेले. इंदू शेवटची राहिली होती, तिची पिशवी भरून दारात ठेवलेली होती. गाडीला वेळ होता, म्हणून मी पुढच्या खोलीत जाऊन बसलो. करायला काही नव्हतं, म्हणून कॉम्प्युटर लावला. सवयीनं कोपऱ्यात बघितलं. सत्तावीस मार्च, दोन हजार अकरा.

“हे तसंच राहिलंय बघ,” मी म्हणालो. “तुझ्या अक्कानं मागं घ्यायला लावली होती. नीट करतो.”

“दाजी, नका करू.”

“का?”

इंदू उंबऱ्यात बसली. त्याच जागी, जिथं बसून तिनं मेथी निवडली होती.

“मी अक्काला शब्द दिला होता. पण आता ती नाही, आणि मला हे एकटीला घेऊन बसवत नाही.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “रथसप्तमी कधी होती हो त्या वर्षी? आठवतंय?”

“कुठल्या वर्षी?”

“ह्याच.” तिनं स्क्रीनकडं बोट दाखवलं. “दहा फेब्रुवारीला होती. सकाळी अक्का लवकर न्हायला बसली, दूध उतू घालायचं होतं म्हणून. तेव्हा गाठ लागली हाताला. मला फोन केला लगेच. म्हणाली, इंदे, वाटाण्याएवढी आहे. मी म्हणाले, दाजींना सांग, आत्ता सांग. तर म्हणाली, तृप्तीची बारावी दोन आठवड्यांवर आलीय. घरात हे सुरू झालं तर पोरगी काय लिहिणार? परीक्षा होऊ दे, पाडवा होऊ दे, मग सांगते. मी भांडले तिच्याशी. तिनं माझ्याकडून शपथ घेतली.”

मी माउसवरचा हात काढून घेतला.

“त्या दिवशी तुम्ही तारीख विचारली ना, आणि तिनं नऊ म्हटलं, तेव्हा मला उभं राहवेना. रात्री तिला विचारलं मी, अक्का, ती तारीख का गं? तर म्हणाली, तो आदला दिवस होता. त्या दिवशी मला काहीच झालं नव्हतं. तेवढा एक दिवस समोर असला तर हात चालेल म्हटलं.”

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. इंदू म्हणाली, “रागावलात माझ्यावर?”

“नाही.”

खरंच नव्हतो. मला राग यायला सुचलंच नाही, कारण मी नऊ फेब्रुवारी आठवत होतो. दहा तारीख मला आठवली. तुळशीपुढं गोवऱ्या पेटवून तिनं दूध ठेवलं होतं आणि ते सगळं उतू जाऊन बोळकं करपलं तरी ती तशीच बसून होती. मी टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आलो आणि म्हणालो, “अगं, उतू जाऊ द्यायचं असतं, करपू द्यायचं नसतं.” ती हसली होती. ते मला लख्ख दिसलं. पण त्याच्या आदला दिवस काही केल्या आठवेना. डबा घेऊन कामाला गेलो असेन. संध्याकाळी आलो असेन. तिनं कुणाचा तरी मजकूर टाइप केला असेल, मी वाचला असेल. भाजी कसली होती, आम्ही काय बोललो, काही नाही. इतका साधा दिवस होता तो. त्यातलं काही लक्षात ठेवायचं असतं हे मला कसं कळणार?

इंदूला मी स्टँडवर सोडून आलो. तारीख नीट केली नाही.

मग रोज सकाळी आंघोळ झाली की मी कॉम्प्युटर लावायचो. करायचं काही नाही, नुसतं कोपऱ्यात बघायचं. तिकडं मार्च संपत आला होता. तृप्तीचे पेपर झाले होते. वैजयंता ह्या खुर्चीत बसून कामं करत होती, मला डबा देत होती, पाडव्याला गुढीची काठी पुसून ठेवा म्हणत होती, आणि तिला माहीत होतं. मला नव्हतं. मी तेव्हा ह्याच घरात होतो, ह्याच खोलीतून येत-जात होतो. आता मला माहीत होतं आणि ती नव्हती.

कॉम्प्युटरमध्ये पाडवा आला त्या दिवशी मी देवापुढं साखर ठेवली. डिसेंबरात. शेजारच्या काकू उदबत्तीचा वास आला म्हणून डोकावल्या, साखरेकडं बघितलं आणि परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाहेर एकतीस डिसेंबर होता. संध्याकाळी आमच्या गल्लीतली पोरं चौकात स्पीकर लावत होती. मी डेपोतून आलो. तिकडं पाच एप्रिल. मी चप्पल काढली आणि सरळ मोरीत गेलो. हात धुतले. ग्रीसचं काम आता माझ्याकडं नसायचं, हात स्वच्छच होते, तरी साबण लावून कोपरापर्यंत धुतले. मग पाट घेतला, पुढच्या खोलीत तिच्या खुर्चीसमोर मांडला.

हात ओलेच होते. मी बसलो.